टेकडीच्या उताराचा नियम कसा वाचायचा आणि त्यातली फट कशी शोधायची

टेकडीवर जेसीबी चढला की लोक पहिला प्रश्न विचारतात, याला परमिशन आहे का? आणि बऱ्याचदा उत्तर येतं, हो आहे, सगळे कागद आहेत. मग लोक गप्प बसतात. पण नियमात तर स्पष्ट लिहिलेलं असतं की तीव्र उतारावर बांधकाम नाही, मग परमिशन मिळते कशी? कारण कागदावर तो उतार तीव्र नसतोच. उतार कसा मोजला, कुठल्या नकाशावर मोजला आणि कुठल्या तारखेचा मोजला, या तीन गोष्टींवर सगळा नियम टिकतो किंवा वाहून जातो. बाकी उंची, रंग, झाडं, सगळं नंतर. म्हणून मी इथे जास्त जागा मोजमापालाच देणार आहे, कंटाळवाणं वाटलं तरी वाचा, कारण टेकडी गेली की बहुतेक वेळा इथेच गेलेली असते.

आधी आकडे नीट समजून घ्या

उतार तीन पद्धतीनी लिहितात आणि तिथेच पहिला गोंधळ होतो. १:५ म्हणजे आडवं पाच मीटर गेलं की जमीन एक मीटर चढते. टक्क्यांत तेच २० टक्के, आणि अंशात साधारण ११.३ अंश. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात डिसेंबर २०२०पासून लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत डोंगराळ जागेसाठी हीच १:५ची रेघ आहे. इतर ठिकाणी १५ टक्के, २५ टक्के, ३० टक्के अशा वेगवेगळ्या रेघा असतात. टक्के आणि अंश यांची सरमिसळ मात्र अजिबात करायची नाही, ३० टक्के म्हणजे साधारण १७ अंश आणि ३० अंश म्हणजे जवळपास ५८ टक्के, फरक केवढा आहे बघा. ४५ अंशाचा उतार म्हणजे १०० टक्के. नियमाचा मसुदा हातात आला की आधी हे बघा की आकडा कशात दिलाय, आणि गुणोत्तर असेल तर आधी उभा लिहिलाय की आडवा, कारण काही इंजिनिअर उलटं लिहितात, आडवा आधी, आणि मग १:५ आणि ५:१ दोन्ही एकाच गोष्टीसाठी वापरले जातात.

स्वतः मोजायला फार काही लागत नाही. एक पाच मीटरची दोरी, गवंड्याची पाणसळ, ओळंबा आणि टेप. वरच्या माणसाने दोरीचं टोक जमिनीला टेकवायचं, खालच्याने दुसरं टोक उचलून दोरी पाणसळीत आणायची, आणि तिथून ओळंबा सोडून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं. एक मीटर किंवा जास्त आलं तर १:५ किंवा त्याहून तीव्र. एकाच ठिकाणी नाही, वीसपंचवीस ठिकाणी मोजा, प्रत्येक जागेचं लोकेशन मोबाईलवर सेव्ह करा आणि वहीत लिहा. याने सरकारी सर्व्हे रद्द होणार नाही, पण "या पॉइंटला तुमच्या नकाशात १४ टक्के आहे आणि जागेवर २६ येतायत" असं बोलता आलं की समोरचा माणूस फाईल उघडतो.

यात एक गोष्ट सांभाळायची. दोरी सरळ उताराच्या दिशेने धरायची, म्हणजे पाणी ओतलं तर जिकडे वाहील तिकडे. तिरकी धरली की उतार कमी भरतो, ६० अंशाने तिरकी धरली तर बरोबर निम्मा. नकाशावरही हेच होतं, सेक्शनची, म्हणजे जमिनीच्या उभ्या छेदाची, रेघ कंटूरला (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघेला) काटकोनात न मारता तिरपी मारली की ३० टक्क्यांचा उतार १५ टक्के होतो आणि कागदावर सगळं नियमात बसतं. रेखाटनात सेक्शन लाईन कुठून कुठे जाते हे म्हणून आधी बघायचं.

सरासरी हा शब्द दिसला की थांबा

नियमात "भूखंडाचा सरासरी उतार" असं असेल तर तो नियम जवळजवळ निम्मा गेला असं मी समजते. सरासरी काढायची रीत सोपी आहे, दोन कंटूरमधलं उंचीचं अंतर गुणिले प्लॉटमधल्या सगळ्या कंटूरची मिळून लांबी, भागिले प्लॉटचं क्षेत्रफळ. समजा ४,००० चौरस मीटरचा प्लॉट आहे, एक मीटरचे कंटूर आहेत आणि त्यांची एकूण लांबी ७६० मीटर भरली, तर उतार १९ टक्के. २० टक्क्यांच्या खाली, म्हणजे पास. पण प्रत्यक्षात त्या प्लॉटचा निम्मा भाग २ टक्क्यांचा सपाट असू शकतो आणि निम्मा ३६ टक्क्यांचा कडा, सरासरी तीच येते. आणि एकदा अख्खा प्लॉट पास झाला की बांधकाम कड्यावर पण करता येतं, कारण व्ह्यू तिकडे असतो. अजून पुढची गोष्ट म्हणजे पायथ्याची सपाट जमीन विकत घेऊन त्याच प्लॉटला जोडायची, क्षेत्रफळ वाढतं, सरासरी पडते, वरचा उतार मोकळा.

याला उपाय एकच, सरासरीऐवजी उताराचा नकाशा मागायचा. जमिनीचे छोटे छोटे चौकोन करून प्रत्येकाचा उतार काढायचा, पट्टे रंगवायचे, आणि ठराविक रेघेच्या वरचा जो भाग येईल तो बांधकामातून बाहेर, मग प्लॉट कितीही मोठा असो. नियमाच्या मसुद्यावर हरकत घेताना वाक्य थेट असं लिहा की बंदी भूखंडाला नाही तर उताराच्या भागाला लागू व्हावी आणि त्या भागाचं क्षेत्रफळ एफएसआय, म्हणजे जागेच्या प्रमाणात किती बांधता येईल ते, मोजताना धरू नये. दुसरं अर्धं लोक विसरतात. बांधायला बंदी पण एफएसआयला धरायचं असं ठेवलं की तोच बोजा शेजारच्या सपाट तुकड्यावर उंच टॉवर होऊन उभा राहतो.

कंटूर किती जवळचे आहेत हेही बघा. दहा किंवा वीस मीटरच्या कंटूरमध्ये आठ मीटरचा सरळ कडा दिसतच नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० टोपोशीटवर कंटूर साधारण वीस मीटरचे असतात, तो नकाशा टेकडी कुठे आहे हे सांगायला ठीक, पण एका प्लॉटवर काय बांधायचं हे त्यावरून ठरवणं चूक आहे. परवानगीच्या टप्प्यावर एक मीटरचे, फार तर दोन मीटरचे कंटूर हवेत, आणि ते जागेवर मोजलेले हवेत, मोठ्या नकाशावरून मधे मधे रेघा काढून भरलेले नकोत. असे भरलेले कंटूर ओळखता येतात, ते सगळे एकसारख्या अंतरावर गुळगुळीत पळतात, खरी जमीन तशी कुठेच नसते.

कुठल्या तारखेचा उतार?

मला विचाराल तर सगळ्यात मोठी फट ही. आधी खोदायचं आणि मग मोजायचं. शेतीसाठी सपाटीकरण, मुरूम काढणं, कच्चा रस्ता, कधी झाडं लावायला म्हणून चर, कारण काहीही असो, दोन-तीन वर्षात उताराच्या पायऱ्या होतात, आणि नंतर सर्व्हेवाला येऊन प्रामाणिकपणे सपाट पायऱ्याच मोजतो. त्याच्या नकाशात काहीच खोटं नसतं. टेकडी मात्र गेलेली असते.

म्हणून नियमात "नैसर्गिक जमीन" किंवा "मूळ जमीन" याची व्याख्या हवी आणि व्याख्येत तारीख हवी. ठराविक दिवसाच्या आधी जमीन जशी होती तोच उतार धरायचा, त्यानंतर विनापरवाना कटिंग किंवा भराव झाला असेल तर तो झालाच नाही असं समजून मोजायचं. हे एक वाक्य नियमात आलं तर खोदून फायदा काही उरत नाही. मसुद्यात हे नसेल तर तुमच्या हरकतीत पहिलं हेच टाका, बाकीचं राहिलं तरी चालेल.

पण जुना उतार सिद्ध कसा करायचा? इथे एक चांगली गोष्ट आहे. फेब्रुवारी २०००मध्ये नासाच्या स्पेस शटलने अकरा दिवसांच्या एका मोहिमेत रडारने पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली, त्याला एसआरटीएम म्हणतात, आणि तो डेटा फुकट डाउनलोड होतो. त्याचा एक चौकोन साधारण तीस मीटरचा आहे, त्यामुळे एकेका बंगल्याचा हिशोब त्यावर होणार नाही, पण २०००मध्ये इथे सलग उतार होता आणि आज शंभर मीटर रुंद सपाट पटांगण आहे, हे त्यावर दाखवता येतं. त्याच्या जोडीला गुगल अर्थमधली जुनी सॅटेलाइट चित्रं काढा, प्रत्येकावर तारीख असते, खोदकाम कुठल्या दोन तारखांच्या मधे झालं ते त्यातून कळतं. क्यूजीआयएस हे फुकटचं सॉफ्टवेअर आहे, उंचीचा डेटा टाकला की उताराचा रंगीत नकाशा तयार करून देतं. कॉलेजमधल्या भूगोलाच्या किंवा सिव्हिलच्या मुलाला सांगितलं तर एका संध्याकाळी करून देईल. मोबाईलवर नुसती उंची बघून मात्र वाद घालू नका, त्यात चूक निघते आणि मग तुमची बाकीची खरी गोष्टही कुणी ऐकत नाही.

रेघ का ओढायची, त्यामागचं कारण

हरकतीच्या सुनावणीत हमखास विचारतात की २० टक्केच का, २५ का नाही. तेव्हा हा हिशोब सांगा. बारा मीटर रुंद सपाट जागा नुसती कटिंग करून काढायची आणि मागची कापलेली भिंत ४५ अंशात तिरकी ठेवायची असं धरलं, तर १:५ उतारावर ती कापणी तीन मीटर उंच होते. १:३ उतारावर सहा मीटर. १:२ उतारावर बारा मीटर, म्हणजे चार मजले. उतार थोडाच वाढतो पण जखम कितीतरी पट वाढते. आणि कापून काढलेली माती जाते कुठे, तर खालच्या बाजूला भराव म्हणून टाकली जाते, म्हणजे वरच्या भागाचा पायथा काढून घेतला आणि खालच्या भागावर सैल वजन टाकलं, मग पाऊस आला की पाणी त्या सैल मातीत मुरतं आणि मातीच्या कणांमधली पकडच सुटते.

हाँगकाँगमध्ये हेच झालं. १८ जून १९७२ला एकाच दिवशी दोन ठिकाणी उतार कोसळले, साऊ माऊ पिंगला ७१ आणि पो शान रोडला ६७ माणसं गेली. साऊ माऊ पिंगचा उतार भरावाचा होता. १९७६च्या ऑगस्टमध्ये त्याच साऊ माऊ पिंगला पुन्हा भराव सुटला आणि १८ जण गेले. त्यानंतर १९७७मध्ये तिथल्या सरकारने फक्त उतार तपासायला एक वेगळं तांत्रिक कार्यालय काढलं. दुसऱ्यांदा माणसं जाईपर्यंत थांबावं लागलं, हे वाचताना मला अजूनही त्रास होतो.

आणि नियमाने खरंच फरक पडतो का, तर लॉस एंजेलिसचे आकडे बघा. तिथे डोंगरातल्या कटिंग-भरावासाठी पहिले नियम १९५२ला आले आणि १९६३ला ते आणखी कडक झाले, भूगर्भतज्ज्ञ आणि माती इंजिनिअर दोघांची तपासणी आली. १९६९च्या सुरुवातीला मोठी वादळं झाली तेव्हा मोजणी झाली. १९५२च्या आधी तयार झालेल्या साधारण १०,००० जागांपैकी १,०४०च्या आसपास जागांचं नुकसान झालं. १९५२ ते ६२मधल्या २७,००० जागांपैकी साधारण ३५०. आणि १९६३नंतरच्या ११,००० जागांपैकी फक्त १७. शहर तेच आणि पाऊसही तोच. सुनावणीत एवढं सांगायला एक मिनिट लागतं, नक्की सांगा.

नियमात अजून काय असायला हवं

उताराची बंदी एकटी पुरत नाही, कारण उताराच्या वर आणि खालीही लोक बांधतात. कड्याच्या काठापासून आणि पायथ्यापासून किती लांब राहायचं हे आकड्यात हवं. अमेरिकेत वापरतात त्या इंटरनॅशनल बिल्डिंग कोड या बांधकाम नियमावलीत १:३पेक्षा तीव्र उताराजवळ पायथ्यापासून उताराच्या उंचीच्या निम्मं अंतर, फार तर १५ फूट, आणि वरच्या काठापासून पायाचं अंतर उंचीच्या एक तृतीयांश, फार तर ४० फूट, असा हिशोब आहे. हे इमारत टिकावी म्हणून ठेवलेलं किमान अंतर आहे, टेकडी टिकावी म्हणून नाही, तेव्हा स्थानिक नियमात याहून जास्त मागायला काहीच हरकत नाही.

रस्ता. टेकडीला घरापेक्षा रस्ता जास्त कापतो, कारण गाडीला दहा-बारा टक्क्यांच्या वर नीट चढता येत नाही, मग रस्ता वळणं घेत आडवा जातो आणि अख्ख्या उताराला चिरत जातो. नियमात "बांधकाम" म्हणजे फक्त इमारत असं असेल तर रस्ता, पाण्याची टाकी, रिटेनिंग वॉल, पार्किंग, स्विमिंग पूल सगळं सुटतं. व्याख्येत "जमिनीच्या पातळीत कुठलाही बदल" असे शब्द घालून घ्या, एवढ्या एका शब्दप्रयोगाने खूप काही अडतं. कटिंगची कमाल उंची, भरावाची कमाल उंची, पावसाळ्यात खोदकाम बंद, नैसर्गिक ओढ्याला हात नाही, शोषखड्ड्याचं पाणी उतारात सोडायचं नाही, हे सगळं एकेका ओळीत बसतं. वरून गेलेली कडेची रेषा, म्हणजे टेकडीचा माथा, तोही नावाने घ्या, कारण माथा बऱ्याचदा सपाट असतो आणि नुसत्या उताराच्या नियमात तो पास होतो. महाराष्ट्रातल्या काही शहरांच्या प्लॅनमध्ये डोंगरमाथा आणि डोंगरउतार असा दोघांचा मिळून झोन असतो तो याच कारणाने.

मग अपवाद. नियमाची पहिली पाच पानं वाचली नाहीत तरी चालेल पण अपवादाची कलमं दोनदा वाचा. "सार्वजनिक हितासाठी", "विशेष परिस्थितीत", "सक्षम अधिकाऱ्याच्या मते", "पर्यटनाला चालना", असे शब्द आले की तिथे खूण करा आणि प्रत्येकासमोर लिहा की कोण ठरवणार, कुठल्या निकषावर, आणि लोकांना आधी कळणार का. अपवाद अजिबात नको असं म्हणू नका, एखादी पाण्याची लाईन किंवा आधीपासून राहणाऱ्यांच्या वस्तीची दुरुस्ती लागतेच. अपवाद द्यायच्या आधी जाहीर नोटीस, स्वतंत्र भूगर्भतज्ज्ञाचा रिपोर्ट आणि लेखी कारण, एवढं मागा. रिपोर्ट देणारा माणूस बिल्डरने नेमलेला असेल तर दुसऱ्याकडून तपासून घ्यायची सोय नियमातच हवी, खर्च अर्जदाराने भरायचा.

जमीनमालकाचं काय

हा प्रश्न टाळू नका. ज्याची आजोबांपासून जमीन आहे त्याला एका सकाळी सांगायचं की तुझ्या जागेवर काही होणार नाही, हे त्याला अन्यायाचं वाटणारच, आणि त्याला काहीच दिलं नाही तर तो कोर्टात जाणार किंवा गुपचूप विकणार. मार्ग आहेत. टीडीआर म्हणजे इथला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायला देणं, किंवा मोठ्या जागेत सगळी घरं एकत्र सपाट तुकड्यावर घेऊन उतार कायमचा मोकळा ठेवणं, किंवा अगदी थोडं बांधकाम चालू ठेवणं. अमेरिकेत टिबुरॉन नावाच्या गावाने पाच एकर जागेवर एक ते पाच घरं एवढीच मर्यादा घातली होती, मालक सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि १९८०मध्ये कोर्टाने तो नियम उचलून धरला, कारण वापर पूर्ण काढून घेतलेला नव्हता. उलट १९९२मध्ये त्याच कोर्टाने किनाऱ्यावरच्या एका केसमध्ये सांगितलं की जमिनीची सगळी आर्थिक किंमत संपवणारा नियम असेल तर साधारणपणे भरपाई द्यावी लागते. आपला कायदा वेगळा आहे पण त्यातली अक्कल घेण्यासारखी आहे, मालकाला काहीतरी मिळणारा नियम जास्त वर्ष जगतो. टीडीआर मात्र असा हवा की त्याला खरंच गिऱ्हाईक मिळेल, नाहीतर तो कागद कपाटात पडून राहतो आणि दहा वर्षांनी झोन उठवायची मागणी येते.

हरकत कशी लिहायची

पहिल्यांदा आम्ही हरकत घेतली तेव्हा टेकडीचे सुंदर फोटो, मोरांचे फोटो, चारशे सह्या, सगळं नेलं होतं. दोन मिनिटात सुनावणी संपली. साहेबांनी एवढंच विचारलं की कुठला सर्व्हे नंबर आणि काय बदल हवा, आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून एक पान करायला शिकलो. वर सर्व्हे किंवा गट नंबर, मग प्लॅनच्या शीट नंबरसह मसुद्यातली चूक, मग आपलं मोजमाप आणि नकाशा, आणि शेवटी हवं ते वाक्य जसंच्या तसं, म्हणजे अमुक कलमातले हे शब्द काढून हे शब्द घाला. एका हरकतीत एकच मुद्दा. पाच मुद्दे असतील तर पाच अर्ज, कारण एकत्र टाकले की एक फेटाळताना पाचही फेटाळले जातात. पोच घ्यायची, शिक्का आणि तारखेसह. फोटो आणि सह्या जोडा, पण मागे.

महाराष्ट्रात नवीन विकास आराखड्याचा मसुदा एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायदा १९६६च्या कलम २६खाली जाहीर होतो, आणि मंजूर आराखड्यात मधेच एखाद्या जागेचा झोन बदलायचा असेल तर कलम ३७. दोन्हीकडे हरकतीला साधारण महिनाभरच मिळतो. आराखड्याची बातमी सगळीकडे होते, कलम ३७ची नोटीस मात्र पेपरच्या आतल्या पानात बारीक अक्षरात असते, आणि टेकड्यांचे एकेक तुकडे याच दाराने बाहेर जातात. आपल्या ग्रुपमध्ये एकाने फक्त या नोटिसा बघायचं काम घ्या. परवानगी मिळून गेली असेल तर माहिती अधिकारात मंजूर नकाशा, त्याला जोडलेला कंटूर सर्व्हे आणि सर्व्हे कुठल्या तारखेला केला ते मागा, "सर्व कागदपत्रे द्या" असं मोघम मागू नका.

आणि काहीच चालू नसताना करायचं एक काम आहे. टेकडीसमोर तीन-चार पक्क्या जागा ठरवा, एखाद्या पुलाचा कठडा, गच्चीचा कोपरा, जिथून दरवर्षी उभं राहता येईल, आणि पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा तिथूनच फोटो काढा. लोकेशन चालू ठेवून, ओरिजिनल फाईल कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर जपून, व्हॉट्सअॅपवर पाठवलेली नाही कारण त्यात तारीख आणि लोकेशनची माहिती उडून जाते. पाच वर्षांनी कोणी म्हणालं की इथे आधीपासूनच सपाट होतं, तर दहा फोटो एकाखाली एक लावून टेबलावर ठेवायचे.